मोराची पुतळी

चेहरा सगळ्यात आधी जातो.
गाल उंच असतो ना, म्हणून.
मग नाकाचा शेंडा, कानाची पाळी.
केस टिकतात, वेणीच्या खाचांत,
जिथं अठराशे वर्षं
कुणाचा अंगठा पोचला नाही.

एवढं मला ठाऊक होतं,
जिल्ह्याच्या संग्रहालयात कंत्राटावर
नाण्यांच्या नोंदी करणारीला.
तरी तिवशापुढं, वर्धेच्या काठच्या त्या गावात,
देवकाबाई तायवाड्यांच्या ओसरीवर
टॉर्च आडवा धरून मी अर्धा तास अडले.

चांदी. वजन सराफाच्या काट्यावर
दोन ग्रॅम नव्वद.
वरच्या बाजूला भोक, नेमकं तिच्या नावात,
कुठल्याशा सोनारानं पाडलेलं.
अक्षरांपैकी उरलं ते एकच, शेवटचं:
दोन पाय फाकून उभी घडवंची,
मधली दांडी झिजून गेलेली.
म्हणजे 'आ'.
त्यांच्या बायकांची नावंही 'आ'वरच संपायची.
शकुंतला, निर्मला, फाउस्टिना.

पण फाउस्टिना दोन. मायलेकी.
आई एका राजाची राणी, लेक त्याच्या पुढच्याची,
नाव तेच, नाकही जवळपास तेच.
ओळखायचं ते अंबाड्यावरून.
आणि अंबाडा होता
पावसात राहिलेल्या शेणाच्या गोवरीसारखा.

चक्कीच्या बाजूच्या पार्लरातून
मोनाली आली, देवकाबाईंची नातसून,
हातमोज्याला अजून काळी मेहंदी.
नाणं तिनं चेहऱ्याकडून पाहिलंच नाही.
मानेकडून पाहिलं.
"वेण्या हायेत, मॅडम. बारीक, लय साऱ्या.
मांगून वर चढवल्या न टाळूवर गुंडाळल्या.
एकटीनं नाई होत हे.
मांगं एक बाई उभी पाह्यजे,
तोंडात आकडे धरून."

टाळूवर, म्हणजे आई.
लेकीचा अंबाडा खाली असतो, मानेवर.
मी वहीत लिहिलं: थोरली.
आकडेवालीसाठी रकाना नव्हता.

उलटी बाजू कुणाला विचारावी लागली नाही.
मोर.
नखाएवढा, पण शेजारचं पोरगंही म्हणालं,
आपल्या तुरीत येते तोच.
म्हणून ही मोराची पुतळी.
घरात येणाऱ्या प्रत्येक नवरीच्या गळ्यात पाच दिवस,
मग परत पितळी डब्यात,
हळकुंडाशेजारी.

आता मोराचं सांगायचं होतं.
तो शोभेचा नाही.
राणी वारली की तिला वर न्यायला येतो.
हे नाणं ती गेल्यानंतरचं,
आणि पाच पिढ्यांच्या नवऱ्या
ते गळ्यात घालून उंबरठ्यावरचं माप लवंडत आल्या.
मी पाणी मागितलं.

देवकाबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.
"मेलेली हाय का हे?"
हो, म्हटलं.
"नवऱ्याच्या आंधी, का मांगून?"
आधी. वीस वर्षं आधी.
"मंग अहेव गेली न बाप्पा.
मंग काय झालं."
मोकळ्या गळ्यावरून त्यांनी पदर ओढून घेतला.
मी वहीत बघत राहिले.

थोड्या वेळानं:
"आन त्यानं काय केलं मंग?"
देऊळ बांधलं तिचं. खांब अजून उभे आहेत.
"देऊळ!"
त्या हसल्या, खोकला येईपर्यंत.
"जितेपणी लुगडं घेतलं व्हतं का म्हना
एखांदं, तिच्या पसंतीचं?"
मोनालीनं हातमोजा तोंडाशी नेला,
आणि ओठावर काळी मिशी उमटली.

फोटो काढले. दोन्ही बाजू, कड, भोक.
देवकाबाईंनी नाणं मागून घेतलं,
पदराच्या टोकात धरलं
आणि सवयीनं त्यांचा अंगठा
गालावरून फिरला,
एकदा, मग अजून एकदा.

पुसू नका,
हे सांगायचाच मला पगार मिळतो.
मी टॉर्च बंद केला.